तंबू की मोटेल? बाइकवरच्या लांब प्रवासातल्या मुक्कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा, तंबू न्यावा की नाही?

प्रवास आठवड्याहून लांब असेल, रस्ता विरळ वस्तीतून जाणार असेल किंवा रोजचं अंतर आधी बांधून घ्यायचं नसेल, तर न्या. चार-पाच दिवसांत गावागावांतून जायचं असेल आणि रोज मोठा पल्ला मारायचा असेल, तर घरी ठेवा. तंबू बरोबर असला तरी खोली घेता येते. तंबू नसताना खोली मिळाली नाही, तर अंधारात पुढच्या गावापर्यंत बाइक हाकण्यापलीकडे हातात काही राहत नाही. म्हणजे तंबू हा खिशात ठेवलेला पर्याय आहे आणि त्याचं भाडं रोज दहा किलो वजनाच्या रूपात भरावं लागतं. ते भाडं तुमच्या बाइकला आणि तुमच्या अंगाला परवडतं का, ते पाहा. "खरा बाइकर तंबूतच झोपतो" वगैरे बोलण्याकडे कानाडोळा करा.

तंबूमुळे पैसे किती वाचतात?

वाटतं त्यापेक्षा कमी, आणि उशिरा. हिशेब सोपा आहे. एका रात्रीच्या खोलीभाड्यातून कॅम्पसाइटचं भाडं वजा करा आणि सामानाच्या एकूण किमतीला त्या फरकाने भागा. समजा, सगळं सामान दहा रात्रींच्या खोलीभाड्याएवढ्या किमतीला पडलं आणि कॅम्पसाइटला खोलीच्या पाव पट पैसे लागतात. मग दर रात्री पाऊण खोली वाचते आणि चौदाव्या रात्री पैसे वसूल होतात. कॅम्पसाइटचं भाडं खोलीच्या निम्मं असेल, तर वीस रात्री लागतात.

यात दोन गोष्टी सुटतात. बऱ्याच कॅम्पसाइट माणशी पैसे न घेता जागेमागे घेतात, त्यामुळे एकट्या बाइकस्वाराला चार जणांच्या गाडीएवढंच भाडं पडतं. दुसरी गोष्ट उलट्या बाजूची: स्टोव्ह बरोबर असला की सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीचं जेवण बाहेर घ्यावं लागत नाही, आणि लांब प्रवासात ही रक्कम खोलीभाड्याच्या बरोबरीने मोजावी अशी असते. दोघं जण एका खोलीत राहणार असाल, तर माणशी खोलीभाडं निम्मं होतं आणि तंबूचा आर्थिक फायदा जवळजवळ संपतो.

दहा किलो कसे होतात? इतकं सामान लागतंच का?

एका माणसाच्या नेहमीच्या सामानाचं वजन असं पडतं: दोन माणसांचा तंबू २ ते २.५ किलो, स्लीपिंग बॅग १ ते १.५ किलो, मॅट अर्धा ते पाऊण किलो, स्टोव्ह, गॅस आणि भांडी मिळून सव्वा किलो, घडीची खुर्ची १ किलो, हेडलॅम्प, दोऱ्या, दुरुस्तीचं किरकोळ सामान अर्धा किलो. त्यात मुक्कामाचं पाणी ३ लिटर. खुर्ची आधी काढून टाकावीशी वाटते. मात्र दिवसभर सीटवर बसून आलेल्या पाठीला टेकायला काहीतरी लागतं, आणि ज्यांनी ती घरी ठेवली ते दुसऱ्या प्रवासात बहुधा घेऊन निघतात. वजन कमी करायचंच असेल, तर कपड्यांतून करा.

माझ्या बाइकला हे वजन पेलेल का?

हे अंदाजाने ठरवू नका. मॅन्युअलमध्ये किंवा बाइकच्या पट्टीवर कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यातून पेट्रोल, तेल सगळं भरलेल्या बाइकचं वजन वजा केलं की तुमच्या वाट्याला काय उरतं ते कळतं. एक उदाहरण बघू. कमाल एकूण वजन ४०० किलो, भरलेली बाइक २१५ किलो, उरले १८५. चालक ८० किलोचा, त्याचं हेल्मेट, जॅकेट, पँट, बूट मिळून १० किलो, उरले ९५. मागे बसणारी व्यक्ती तिच्या साहित्यासकट ७० किलो, उरले २५. ॲल्युमिनियमच्या दोन रिकाम्या पेट्या आणि त्यांची फ्रेम १५ किलो; उरले १०. अजून कपडे, हत्यारं, टायर दुरुस्तीचं सामान, पाणी यातलं काहीच चढलेलं नाही. दोघांनी एकाच बाइकवर तंबू न्यायचा म्हटलं की गाडं अडतं ते इथेच. एकटा असेल, तर त्याच बाइकवर तो आरामात जातो.

पेट्यांऐवजी कापडी पॅनियर (बाइकच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगा) घेतले, तर सात-आठ किलो वाचतात. वजन अगदी काठावर असेल, तर तंबू वगळण्याआधी पेट्या बदलता येतात का ते पाहा.

सामान बाइकवर कुठे आणि कसं बांधायचं?

जड ते खाली आणि चालकाच्या जवळ, हलकं ते वर आणि मागे. हत्यारं, पाणी, स्टोव्हचं पेट्रोल पॅनियरच्या तळाशी. स्लीपिंग बॅग आणि मॅट मागच्या सीटवरच्या लांबट बॅगेत आडवी. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे लटकलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं. वेगात हँडल थरथरायला लागतं आणि वळणात बाइक डुलते. टॉप बॉक्समध्ये डबाबंद खाणं आणि पाण्याच्या बाटल्या कोंबणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

हुकवाले बंजी, म्हणजे रबरी ताणाच्या दोऱ्या, वापरू नका. खड्ड्यात ते ताणले जातात, सामान उडी मारून जागा सोडतं, आणि हुक निसटला तर थेट डोळ्यावर येतो. बकलवाले चपटे पट्टे वापरा. रॅचेटचे, म्हणजे खटका मागेपुढे करून आवळायचे पट्टे मात्र नकोत. त्यांनी इतका ताण बसतो की प्लास्टिकचे भाग तडकतात. पट्ट्याचं सुटं टोक चेनमध्ये किंवा चाकात गेलं की मागचं चाक जागच्या जागी अडकतं, म्हणून प्रत्येक टोक गुंडाळून खोचा. निघाल्यावर पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढा, कारण कापडी सामान दबून सैल होतं. रोल करून बंद होणाऱ्या बॅगेला किमान तीन वळसे हवेत. दोनच दिले, तर जोरदार पावसात पाणी आत येतं आणि दोष बॅगेला दिला जातो.

सायलेन्सर आणि कापडी बॅग यांच्यात तळहातभर तरी मोकळी जागा ठेवा. खड्ड्यात बॅग खाली दबते तेव्हाही ती राहायला हवी. नायलॉन वितळायला एक चढण पुरते.

सामान चढवल्यावर बाइकमध्ये काय बदलायचं?

तीन गोष्टी. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा सुरुवातीचा ताण, वाढवा: चालक आणि सामान चढल्यावर सस्पेन्शन त्याच्या एकूण प्रवासाच्या (वर-खाली होण्याच्या अंतराच्या) साधारण तीस टक्के बसायला हवं. १८० मिलिमीटर प्रवास असेल, तर पन्नास-पंचावन्न मिलिमीटर. टायरमध्ये मॅन्युअलमधली भरल्या वजनाची हवा भरा आणि टायर थंड असताना मोजा. मागचा भाग बसल्यामुळे हेडलाइट वर जातो, तोही खाली घ्या. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग समोरचे दिवे मारून शिव्या घालतात.

थंडीच्या भागात तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा सुमारे दोन पीएसआयने (हवेच्या दाबाचं एकक) कमी दिसते. गार रात्रीनंतर सकाळी एकदा गेज लावा.

बाइकसाठी तंबू निवडताना काय बघायचं?

सगळ्यात आधी दांड्यांची घडी केल्यावरची लांबी. साध्या तंबूच्या दांड्या ४५ ते ५० सेंटिमीटरच्या असतात आणि बऱ्याच पॅनियरमध्ये आडव्या जात नाहीत. सायकलस्वारांसाठी बनवलेल्या तंबूंच्या दांड्या ३० ते ३५ सेंटिमीटरच्या असतात, त्या जातात. दुकानात जाण्याआधी पॅनियर आतून मोजा.

तंबू स्वतःच्या पायावर उभा राहणारा हवा. खडकावर, सिमेंटच्या ओट्यावर, वाळूत खुंट्या धरत नाहीत, आणि बाइकवाल्याला अशाच जागा जास्त मिळतात. फ्लाय, म्हणजे बाहेरचं पाऊस अडवणारं कापड, आणि आतला जाळीचा तंबू असे दोन थर हवेत. फ्लायची जलरोधकता (कापड न झिरपता किती उंच पाण्याचा दाब पेलतं ते) १,५०० मिलिमीटर पुरते. तळाला मात्र ३,००० तरी घ्या, कारण गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो आणि ओल वर येते. एका माणसाला दोन माणसांचा, दोघांना तीन माणसांचा तंबू घ्या: हेल्मेट, जॅकेट, बूट हे आणखी एका माणसाएवढी जागा खातात. दाराबाहेर फ्लायखाली ओटीसारखी जागा असेल, तर ओले बूट आणि रेनकोट तिथे राहतात आणि झोपण्याची जागा कोरडी राहते.

तंबूखाली अंथरायची शीट तळापेक्षा चारही बाजूंनी थोडी लहान असावी. बाहेर डोकावली की फ्लायवरून ओघळलेलं पाणी तीच गोळा करते आणि तुमच्या पाठीखाली नेऊन सोडते.

स्लीपिंग बॅगवर लिहिलेले अंश खरे मानायचे का?

आयएसओ २३५३७ या प्रमाणानुसार मोजलेले असतील, तर मानायचे, पण आकडा कोणता ते बघून. त्यात कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे थंडी लवकर वाजणारा माणूस ज्या तापमानात निवांत झोपू शकतो ते. लिमिट म्हणजे अंग आखडून रात्र काढता येईल ते. एक्स्ट्रीम हा जीव वाचण्याचा आकडा आहे, झोपेचा नव्हे. पिशवीवर मोठ्या अक्षरात बहुधा लिमिट छापतात. खरेदी कम्फर्टवर करा.

मुक्कामाचं तापमान काढताना उंची धरा. दर १,००० मीटरला सरासरी साडेसहा अंश कमी होतात. खालच्या शहरात २० अंश असतील, तर २,००० मीटर उंचीवर त्याच वेळी सात अंशांच्या आसपास असतील, आणि पहाटे त्याहून खाली.

बॅग चांगली आणि मॅट पातळ असली, तर थंडी खालून लागते. अंगाखाली बॅगेचा भराव दबतो आणि त्याची ऊब संपते. मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याची क्षमता, बघा: उबदार रात्रींना २, तिन्ही सौम्य ऋतूंना ३ ते ४, गोठलेल्या जमिनीवर ५ च्या वर. आकडा एएसटीएम एफ३३४० या पद्धतीने मोजलेला असेल, तरच दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करण्यात अर्थ आहे.

टायरच्या कंप्रेसरने मॅट फुगवली तर चालेल?

नाही. टायरला तीस-चाळीस पीएसआय लागतात, मॅटला एकसुद्धा नाही. आतले पडदे सुटतात आणि मॅटला असा फुगवटा येतो की त्यावर झोपता येत नाही. मॅटबरोबर येणारी पंप-पिशवी वापरा.

मुक्कामाला वेळ किती जातो?

तंबू उभारायला पंधरा मिनिटं पुरतात, पण मुक्काम म्हणजे नुसता तंबू नव्हे. सामान सोडणं, मॅट फुगवणं, पाणी आणणं, स्वयंपाक, भांडी असे संध्याकाळचे दीड-दोन तास जातात. सकाळी आवरून बाइकवर सगळं बांधेपर्यंत तास ते सव्वा तास, दंव पडलं असेल तर जास्त. मोटेलमध्ये दोन्ही वेळचं मिळून अर्ध्या तासात उरकतं. म्हणजे रोज अडीच तासांच्या आसपास फरक पडतो. दिवसाला ५०० किलोमीटर मारायचे असतील, तर हे तास झोपेतून कापले जातात, आणि अपुरी झोप दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वळणावर उगवते. रोज २५०-३०० किलोमीटरचा बेत असेल, तर हेच तास प्रवासाचा सगळ्यात चांगला भाग असतात.

आज तंबू की खोली, हे कधी ठरवायचं?

सूर्यास्ताच्या चार तास आधी चहाला थांबा आणि तेव्हा ठरवा. त्या वेळी चार गोष्टी बघायच्या: रात्रीचा आणि उद्या सकाळचा पावसाचा अंदाज, अंग किती थकलंय, कपडे आणि तंबू कोरडे आहेत का, आणि तंबूची जागा अंधाराच्या दोन तास आधी गाठता येईल का. चारपैकी दोन उत्तरं वाईट आली, तर खोली शोधा. थकलेला माणूस पाऊस नसतानाही तंबूची जागा नीट निवडत नाही. दिसेल त्या पहिल्या सपाट जागी पथारी टाकतो आणि मग रात्री उतारावर घसरत राहतो.

हा निर्णय उशिरावर ढकलला की दोन्ही दारं बंद होतात. खोल्या भरलेल्या असतात आणि तंबूच्या जागा दिसत नाहीत. पाऊस असेल तर आणखीच वाईट, कारण त्या रात्री परिसरातले सगळे तंबूवाले खोल्यांकडे धावतात.

मग सगळ्या रात्रींचं बुकिंग आधीच करून टाकलं तर?

मनाला स्वस्थता मिळते, पण त्याची दुसरी बाजू आहे. पंक्चर झालं, पाऊस आला, पोटात दुखलं तरी "पैसे भरलेत" म्हणून माणूस शंभर किलोमीटर जास्त ओढतो, तेही अंधारात. पहिली रात्र, शेवटची रात्र, सुट्टीचा शनिवार आणि मोठ्या शहरातला मुक्काम एवढंच आधी ठरवा. बाकीच्या खोल्या त्याच दिवशी घ्या, किंवा संध्याकाळपर्यंत फुकट रद्द करता येतील अशा घ्या.

बाइकवाल्याने मोटेलला फोन करून काय विचारावं?

तळमजल्यावर, दारासमोर बाइक उभी राहील अशी खोली आहे का? पार्किंगची जमीन पक्की आहे का, की खडी आहे? रात्री किती वाजेपर्यंत काउंटरवर माणूस असतो? बाइक छताखाली किंवा कॅमेऱ्यासमोर लावू देतील का? कपडे वाळवायला जागा किंवा ड्रायर आहे का? दुसऱ्या मजल्यावरची खोली थोडी स्वस्त मिळते, पण तीन बॅगा घेऊन बूट घातलेल्या पायांनी चार फेऱ्या मारल्या की ती बचत महाग वाटते.

खोलीत शिरल्यावर बॅगा आधी बाथरूमच्या फरशीवर ठेवा. गादीची शिवण, पलंगाचं डोकं आणि त्यामागची भिंत टॉर्चने बघा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग दिसले, तर ढेकूण आहेत. खोली बदलून शेजारची घेऊ नका, लांबची घ्या किंवा सरळ निघा. बाइकच्या सामानात शिरलेले ढेकूण पुढचे सगळे मुक्काम आणि शेवटी घर गाठतात.

चेनला तेल लावायचं असेल, तर खाली पुठ्ठा अंथरा आणि पुसायला स्वतःची चिंधी वापरा. मोटेलच्या पांढऱ्या टॉवेलने चेन पुसणाऱ्यांमुळे पुढच्या बाइकवाल्याला खोली नाकारली जाते.

भिजलेलं साहित्य एका रात्रीत कसं वाळवायचं?

खोलीत आतले कपडे पिळा, कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेल घट्ट गुंडाळा आणि त्या वळकटीवर उभे राहा. उरलेलं बरंचसं पाणी टॉवेल पितो आणि मेरिनो लोकरीचा शर्ट सकाळपर्यंत वाळतो. जॅकेटचं अस्तर आणि पॅड काढून वेगळे टांगा. पॅड आत ठेवले की त्यामागचा भाग ओलाच राहतो. बुटांचे इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला. चामड्याचे बूट आणि हातमोजे हीटरवर ठेवू नका. ते कडक होऊन तडकतात. एसी असेल, तर ड्राय मोडवर लावा आणि बाथरूमचा पंखा चालू ठेवा. ओला तंबू असेल, तर तोही शॉवरच्या दांड्यावर पसरा.

तंबूत मात्र एका रात्रीत काही वाळत नाही, हे गृहीत धरा. ओलं साहित्य फ्लायखाली बाहेर ठेवा. आत आणलं की तेच पाणी हवेत मिसळून फ्लायच्या आतल्या बाजूला थेंब होऊन लटकतं. म्हणूनच पावसाळी प्रवासात दर तिसऱ्या रात्री खोली घ्यावी. सलग तीन ओल्या रात्रींनंतर स्लीपिंग बॅगही दमट होते, आणि पिसांची असेल तर तिची ऊब झपाट्याने उतरते.

पाऊस नसताना तंबू आतून ओला का होतो?

तो तुमच्याच श्वासातला ओलावा आहे. थंड फ्लायला लागून त्याचं पाणी होतं. गारठा वाटतो म्हणून सगळे झरोके बंद केले की ते वाढतं. वरचे झरोके उघडे ठेवा, फ्लाय नीट ताणा म्हणजे ती आतल्या जाळीला टेकणार नाही, आणि पाण्याच्या अगदी काठावर किंवा खोलगट जागेत तंबू लावू नका. रात्री थंड हवा वाहत जाऊन अशाच जागी साठते. दहा-पंधरा मीटर वर चढलात तरी फरक जाणवतो.

जागा निवडताना आणखी काय टाळायचं?

डोक्यावरच्या वाळक्या फांद्या. कोरडे ओढे: पाऊस तिथे पडावाच असं नाही, वीस किलोमीटर वर पडला तरी पाणी रात्री येतं. एकटं उभं झाड आणि उघडा माथा, कारण वीज. वीज कडकडत असताना तंबू काहीच संरक्षण देत नाही, बाइकचे रबरी टायरही देत नाहीत. पक्की इमारत किंवा बंद मोटारगाडी गाठायची. रस्त्यावरून दिवे थेट तंबूवर पडतील अशी जागाही नको. खासगी जमीन असेल, तर मालकाला विचारा. पायी फिरणाऱ्यांना जिथे मुक्कामाची मुभा असते, तिथे वाहन आत न्यायची मुभा असतेच असं नाही. नियम दोन्हींचा वेगवेगळा वाचा.

मऊ जमिनीवर बाइक कशी उभी करायची?

साइड स्टँडखाली तळहाताएवढी चपटी पट्टी ठेवा. खास बनवलेली मिळते. ठेचून सपाट केलेला डबा किंवा चपटा दगडही चालतो. संध्याकाळी कडक लागलेली जमीन रात्रीच्या पावसाने मऊ होते आणि बाइक पहाटे आडवी होते. पहिला गिअर टाकून ठेवा, आणि उतार असेल तर पुढचं चाक चढाकडे करा. रात्री बाहेर पडायची वेळ आली तर पटकन निघता यावं, म्हणून मुक्कामाला शिरतानाच वळवून लावा.

बाइक आणि तंबू यांच्यात दोन मीटर तरी अंतर हवं, आणि बाइक पडलीच तर तंबूवर येणार नाही अशा बाजूने. स्टोव्ह बाइकपासून तीन मीटर लांब आणि बाइकच्या उताराकडे कधीच नाही: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत खाली सरकत येते.

बाइकला ताडपत्री बांधून आडोसा करता येईल का?

सेंटर स्टँड असेल, तर बिनधास्त. दोर लगेज रॅकला किंवा फ्रेमला बांधा, आरशाला नको. साइड स्टँडवर असेल, तर ताडपत्री फक्त स्टँडच्या बाजूला, म्हणजे बहुतेक बाइकना डावीकडे घ्या. त्या बाजूने ओढ बसली की बाइक स्टँडवर आणखी दाबली जाते. उजवीकडून ओढ बसली, तर वाऱ्याच्या एका झोताने ती सरळ होते आणि पलीकडे कोसळते. पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून ठेवा.

चोरीचं काय?

दोन्हीकडे धोका आहे, प्रकार वेगळा. मोटेलच्या पार्किंगमध्ये बाइक जाते. तंबूत सुटं सामान जातं. मोटेलपाशी डिस्क लॉक आणि साखळी दोन्ही वापरा, साखळी जमिनीत पक्क्या असलेल्या वस्तूतून ओवा आणि वरून साधं, मळकट कव्हर घाला. कव्हरमुळे कोणती बाइक आहे ते दिसत नाही. सायलेन्सर निवायला अर्धा तास द्या, नाहीतर कव्हर चिकटतं. डिस्क लॉकची आठवण देणारी रंगीत तार हँडलपर्यंत ओढून ठेवा. सकाळच्या घाईत लॉकसकट बाइक सोडली की पहिल्या फुटातच ती पडते आणि ब्रेकचा कॅलिपर जातो.

तंबूत कागदपत्रं, फोन आणि किल्ली स्लीपिंग बॅगेच्या तळाशी. तंबूच्या चेनला कुलूप लावू नका. आत काहीतरी मोलाचं आहे एवढंच त्यातून कळतं, आणि कापड ब्लेडने फाटतंच.

स्टोव्ह गॅसचा की पेट्रोलचा?

बहुतेकांना गॅसचा. पेटवणं सोपं, काजळी नाही. अडचण थंडीत येते: ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणं थांबवतं, आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत चालतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. थंड भागासाठी आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा कॅनिस्टर घ्या आणि रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. एक लिटर पाणी उकळायला वारा नसताना १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. २३० ग्रॅमचा कॅनिस्टर एकट्याला पाच-सहा दिवस पुरतो. विमानाने जाऊन तिकडे बाइक भाड्याने घेणार असाल, तर कॅनिस्टर तिथेच विकत घ्यावा लागतो. विमानात तो चालत नाही.

निर्जन भागातल्या लांब प्रवासाला पेट्रोलचा स्टोव्ह बरा, कारण इंधन प्रत्येक पंपावर मिळतं. बाटली पंपावरच भरून घ्या. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) बाइकमधून पेट्रोल काढणं सोपं राहिलेलं नाही. बाटली काठोकाठ भरू नका, पाव भाग रिकामा ठेवा, नाहीतर पंप मारायला हवाच उरत नाही. ज्योत पिवळी आणि धुरकट झाली की जेट, म्हणजे इंधन बाहेर येण्याचं बारीक छिद्र, साफ करायची वेळ आली.

पाऊस असेल तर तंबूत स्वयंपाक?

नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि नायलॉन पेटलं की दारापर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. अशा रात्रीसाठी शिजवावं न लागणारं एक जेवण नेहमी सामानात ठेवा.

अन्न रात्री कुठे ठेवायचं?

तंबूत नको, कागदात गुंडाळलेलं बिस्किटही नको. उंदीर तंबूला भोक पाडून आत येतात, आणि टँक बॅगही कुरतडतात. बंद होणाऱ्या धातूच्या पेटीत लहान जनावरांपासून बचाव होतो. अस्वलांच्या प्रदेशात पेटी पुरत नाही. तिथे ठरवून दिलेले लोखंडी कपाट किंवा खास डबा वापरा आणि तो तंबूपासून १०० मीटर लांब ठेवा. टूथपेस्टही त्यातच. सकाळी बूट, हातमोजे आणि हेल्मेट झटकूनच घाला.

फोन, दिवा, कॅमेरा चार्ज कसे करायचे?

चालत्या बाइकवर पॉवर बँक भरा आणि रात्री त्यातून चार्ज करा. बाइक बंद असताना बॅटरीवर दिवे लावून बसू नका. बहुतेक बाइकची बॅटरी ८ ते १२ अँपिअर-अवरची असते आणि सकाळच्या गारठ्यात स्टार्टरला तिची सगळी ताकद लागते. टायरचा छोटा कंप्रेसरही इंजिन चालू ठेवूनच वापरा.

प्रवासानंतर तंबू कसा ठेवायचा?

घरी पोचल्या दिवशीच उलगडा, पूर्ण वाळवा, चेनमधली वाळू ब्रशने काढा. ओला गुंडाळून ठेवलेल्या तंबूवर काही दिवसांत बुरशी धरते, आतला जलरोधक थर चिकट होऊन सोलवटतो आणि तो परत बसवता येत नाही. स्लीपिंग बॅग दाबून ठेवू नका. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. मॅटची झडप उघडी सोडा, आतला दमटपणा निघून जातो.

कॅनिस्टरमध्ये गॅस किती उरलाय ते कसं कळतं?

नवा असतानाच स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि मार्करने त्यावर लिहा. प्रवासानंतर पुन्हा तोला. फरक तेवढा गॅस वापरला. वाटेत काटा नसतो, तेव्हा पातेल्यात पाणी घेऊन कॅनिस्टर तरंगत ठेवा. भरलेला खोल बुडतो, रिकामा वर तरंगतो. काही कॅनिस्टरवर यासाठी रेघा छापलेल्याच असतात. अर्ध्यापेक्षा कमी उरला असेल आणि पुढे तीन-चार दिवस गाव नसेल, तर दुसरा घ्या.